दावणीला सुतक नसते : नित्यकर्माविषयी थोडे चिंतन

॥ श्री गणेशाय नमः ॥



गणेशोत्सवाचे दहा दिवस म्हणजे आपल्या परदेशातल्या मराठी माणसांची वर्षभराची शिदोरी. मखर, आरास, ढोल-लेझीम, अथर्वशीर्षाची आवर्तने, एकवीस मोदकांचा नैवेद्य आणि दीडशे माणसांची पंगत. या दहा दिवसांत मंदिरात पाय ठेवायला जागा नसते. अशा वेळी स्मरणिकेच्या संपादकांनी ‘काहीतरी धार्मिक विषयावर लिहा, डॉक्टर’ असा आग्रह केला, तेव्हा मनात विचार आला की उत्सवाविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. आपण उत्सव संपल्यानंतरच्या दिवसाविषयी लिहावे.

आपल्या शास्त्रकारांनी कर्माचे ढोबळमानाने तीन प्रकार सांगितले आहेत : नित्य, नैमित्तिक आणि काम्य. मनात काही इच्छा धरून केलेले ते काम्य. एखादे निमित्त आले म्हणून करायचे ते नैमित्तिक : जन्म, मृत्यू, ग्रहण, पर्वकाळ. आणि कोणतेही निमित्त नसताना, कोणतीही इच्छा नसताना, केवळ दिवस उजाडला म्हणून करायचे ते नित्य. यातली एक गंमत पाहा. काम्य कर्माला फळ सांगितले आहे. नित्यकर्माला मात्र वेगळे असे फळ नाही, परंतु ते टाळले तर दोष लागतो, असे मीमांसकांचे म्हणणे. विद्यार्थिदशेत हे मला मोठे अन्यायाचे वाटे. केले तर शाबासकी नाही आणि नाही केले तर शिक्षा, हा कुठला हिशेब? या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही ग्रंथाआधी गोठ्यात मिळाले.

माझे बालपण सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातल्या एका लहान गावी गेले. वडील प्राथमिक शिक्षक. चार एकर जमीन, दोन बैल, एक म्हैस, एक गाय आणि त्यांची वासरे. पुढे मिरजेला एम.बी.बी.एस. झालो, काही वर्षांनी अमेरिकेत आलो आणि विस्कॉन्सिन या दुधासाठी प्रसिद्ध असलेल्या राज्यात स्थिरावलो. २०११ साली आम्ही गावाबाहेर पाच एकरांची एक जुनी जागा घेतली. आज तिथे एक जर्सी गाय, तिची कालवड, चार शेळ्या आणि अठरा कोंबड्या आहेत. ‘एवढं शिकून शेवटी शेणच काढताय!’ असे मित्रमंडळी थट्टेने म्हणतात. ते खरेच आहे. दवाखान्यात साडेसातला पोचायचे असते, म्हणून सव्वापाचला गोठ्यात जावे लागते. एक दिवस मी, एक दिवस सौ., अशी पाळी असते. माझी रात्रपाळी असली की दोन्ही पाळ्या तिच्या.

या कामाचा हिशेब थोडा तपशिलाने सांगतो, कारण पुढचे सगळे विवेचन त्यावरच उभे आहे. गाईचे वजन सुमारे ४२० किलो. दुभत्या गाईला वजनाच्या शेकडा तीनच्या आसपास कोरडा चारा लागतो, म्हणजे दिवसाला साधारण १२ किलो. आमच्याकडे ऑक्टोबरच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कुरणात गवत नसते. म्हणजे जवळजवळ २०० दिवस साठवलेल्या वाळल्या गवतावर काढायचे. १२ गुणिले २००, म्हणजे २४०० किलो. एक गठ्ठा २० किलोचा धरला तर एकट्या गाईचे १२० गठ्ठे झाले. कालवड आणि शेळ्या यांचे आणखी दीडशे. नासधूस धरून तीनशे गठ्ठे उन्हाळ्यातच माळ्यावर चढवावे लागतात. आमच्या गावी पावसाळ्याआधी कडब्याची गंजी रचत, तसेच हे. दर कोंबडीला दिवसाला ११५ ग्रॅम खाद्य, म्हणजे अठरा कोंबड्यांचे दोन किलो. साडेबावीस किलोची गोणी अकरा दिवस पुरते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाणी. दुधात शेकडा ८७ भाग पाणीच असते, त्यामुळे दुभती गाय दिवसाला ६० ते ८० लिटर पाणी पिते. जानेवारीत उणे वीस अंशांवर पारा उतरतो तेव्हा बादलीतले पाणी दगडासारखे होते. गाईपुढे गवताचा डोंगर ठेवला आणि पाणी गोठलेले असले, तर ती खाणे कमी करते आणि दूध आटते.

या सगळ्यात वर्षातून एकदा येणारे असे काही नाही. आमच्या वाळव्याच्या बाजूला पोळ्याऐवजी आषाढात बेंदूर होतो. आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. दुसऱ्या दिवशी बैलांना अंघोळ, शिंगांना रंग, अंगावर झूल, पुरणपोळीचा घास आणि वाजतगाजत मिरवणूक. फार सुंदर सण आहे, आणि तो व्हायलाच हवा. ज्याच्या मानेवर वर्षभर जू ठेवले त्याच्यापुढे एक दिवस हात जोडणे हा कृतज्ञतेचा संस्कार आहे. पण बैल बेंदराच्या एका दिवसावर जगत नाही. बाकीच्या ३६४ दिवसांच्या वैरणीवर तो जगतो. ज्याने ती घातली नाही त्याला झूल घालण्याचा अधिकार कितपत आहे, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

याला एक वैद्यकीय बाजूही आहे. गाईच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे एक मोठा हौदच. मोठ्या गाईत तो शंभर-दीडशे लिटरचा असतो. आपण गाईला चारतो असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात आपण त्या हौदातल्या अब्जावधी सूक्ष्म जीवांना चारत असतो. ते गवत आंबवतात, आणि त्यातून निर्माण झालेल्या द्रव्यांवर गाय पोसली जाते. या जीवांना सवय लागते ती ठराविक अन्नाची आणि ठराविक वेळेची. चारा बदलायचा झाला तर आठ-दहा दिवस घेऊन हळूहळू बदलावा लागतो. एकदम पोटभर धान्य किंवा शिजलेले गोडधोड दिले, तर पोटात वेगाने आम्ल तयार होते, शरीरातले पाणी त्या हौदात ओढले जाते आणि जनावर एक-दोन दिवसांत दगावू शकते. महाराष्ट्रातल्या पशुवैद्यांना हा अनुभव सणासुदीला येतो. सणाच्या दिवशी घरोघरच्या पुरणपोळ्या आणि भाताचे नैवेद्य एकाच गाईच्या पोटात जातात, आणि दुसऱ्या दिवशी ती उठत नाही. ज्यांनी घास दिला त्यांच्या मनात श्रद्धाच होती. पण वर्षभराची उणीव एका दिवसाच्या उत्साहाने भरून निघत नाही. उलट तो उत्साह अंगावर येतो.

मनाचेही असेच आहे, असे मला वाटते. अकरा महिने नामस्मरण नाही, पोथी नाही, शांत बसणे नाही, आणि मग दहा दिवसांत सगळी भक्ती एकदम भरून घ्यायची, असे आपण करतो. अनंत चतुर्दशीनंतर येणारी ती रितेपणाची भावना आपल्यापैकी अनेकांनी अनुभवली असेल. ती फक्त थकव्याची नसते. सवय नसलेल्या मनाला पचवता न आलेला तो उत्सव असतो. रोजचा एक लहान घास, ठराविक वेळी, हेच मनाचेही पथ्य आहे.

आता शास्त्राकडे वळू. आपल्या धर्मशास्त्रात गृहस्थाच्या घरातल्या पाच हिंसास्थानांचा उल्लेख येतो : चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचे भांडे. जगायचे म्हटले की या पाच ठिकाणी नकळत सूक्ष्म जीव मरणारच. त्याचे परिमार्जन म्हणून पाच महायज्ञ सांगितले : अध्ययन-अध्यापनाचा ब्रह्मयज्ञ, पितरांसाठी पितृयज्ञ, देवांसाठी देवयज्ञ, अतिथीसाठी मनुष्ययज्ञ आणि इतर प्राणिमात्रांसाठी भूतयज्ञ. ‘यज्ञ’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोठे कुंड, तुपाच्या धारा आणि मंत्रघोष येतो. पण हे पाच ‘महा’यज्ञ म्हणजे घरातली रोजची कामे आहेत! जेवणाआधी गाईचा घास काढणे, कावळ्या-कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकणे, दाराशी आलेल्याला उपाशी न पाठवणे. आपल्या आज्या हे करत आणि त्याला यज्ञ म्हणत नसत.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी अन्न, पाऊस, यज्ञ आणि कर्म यांचे एक चक्र सांगितले आहे, आणि जो हे चक्र पुढे चालवत नाही तो व्यर्थ जगतो, असा कठोर अभिप्राय दिला आहे. आमच्या जागेवर मला हे चक्र उघड्या डोळ्यांनी दिसते. गवत गाईत जाते, शेण उकिरड्यावर जाते, वर्षाने त्याचे खत होऊन कुरणात पसरते, आणि तिथे पुन्हा गवत येते. या चक्रात माझा वाटा किती? घमेले उचलून इथून तिथे नेणे, एवढाच. गवत मी उगवत नाही, दूध मी तयार करत नाही. मी फक्त चाक थांबू देत नाही. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे आपणांस ठाऊक असेलच. ज्यांना रोज तुरुंगातली कष्टाची कामे करावी लागत होती अशा श्रोत्यांपुढे कर्मयोग सांगितला गेला, याला माझ्या मते फार अर्थ आहे.

कालिदासाच्या रघुवंशातला दिलीप राजा आठवा. चक्रवर्ती सम्राट, पण अपत्य नाही. कारण काय, तर एकदा घरी परतण्याच्या ओढीत वाटेत उभ्या असलेल्या कामधेनूचा मान राखायचा राहून गेला. वसिष्ठांनी उपाय सांगितला तो एखाद्या मोठ्या यागाचा नव्हे. तिची कन्या नंदिनी आश्रमात आहे, तिची सेवा कर, म्हणाले. दिलीपाने नोकरचाकर परत पाठवले. तो स्वतः तिला कोवळ्या गवताचे घास देई, तिचे अंग खाजवी, माश्या हाकली. ती थांबली की थांबे, चालली की चाले, ती पाणी प्यायली की मग आपण पिई. एकवीस दिवस हे चालले, आणि त्यानंतर सिंहाच्या रूपात परीक्षा आली. मला या कथेत सिंहापेक्षा ते एकवीस दिवस महत्त्वाचे वाटतात. सिंहापुढे स्वतःचा देह टाकायला तो तयार झाला, कारण त्याआधी एकवीस दिवस त्याने आपला वेळ, आपली चाल आणि आपली तहानसुद्धा त्या गाईच्या स्वाधीन केली होती. मोठ्या त्यागाचे बळ लहान कामांच्या सवयीतून येते.

इथे कोणी विचारील, ‘डॉक्टर, पण रोजचे काम यांत्रिक होत नाही का? त्यात भक्ती कुठली?’ प्रश्न रास्त आहे. कडाक्याच्या थंडीत हात बधिर झालेले असताना माझ्याही मनात कोणताही उदात्त भाव नसतो. गरम चहा असतो. पण सावता माळ्यांची परंपरा आपल्याला काय सांगते? अरणचा हा संत मळा सोडून पंढरीला गेला नाही, म्हणून विठोबाच मळ्यात आला. जनाबाईच्या जात्याला हात लावायला देव आला. गंगेची कावड रामेश्वराला नेताना नाथांनी ती तहानेल्या गाढवाच्या मुखी घातली. या कथांमध्ये काम आधी आहे आणि देव नंतर आला आहे. भाव जागा झाला की मग काम करू, असे यांतल्या कोणीच म्हटले नाही. भाव रोज सारखा राहत नाही, हे संतांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी कामाला धरून ठेवले आणि भावाला त्याच्या मागून येऊ दिले. शेळीला माझ्या मनात काय चालले आहे याच्याशी कर्तव्य नसते. तिला सव्वापाचला पाणी हवे असते. निष्काम कर्म शिकवायला तिच्याइतका कडक गुरू मिळणे अवघड!

आता एक घरचा प्रसंग सांगतो. माझे वडील अमेरिकेला एकदाच आले, आणि तेही तीनच आठवड्यांसाठी. ‘आणखी राहा’ म्हटले की म्हणत, ‘अरे, जनावरांचं कोण बघणार?’ धाकटा भाऊ गावीच होता, तो सगळे करीत असे, तरी त्यांचे उत्तर ठरलेले. २०१४ साली एका पहाटे चारच्या सुमारास ते गेले. मी पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता, म्हणून पुढचे भावाच्या तोंडून ऐकलेले सांगतो. घरात माणसे जमली, रडारड सुरू झाली. उजाडता उजाडता गोठ्यातली म्हैस हंबरू लागली. वडिलांची वैरण घालायची ती वेळ. भाऊ नकळत उठला आणि दारात थबकला. जमलेल्यांपैकी कोणी म्हणाले, ‘आज राहू दे रे, सुतक आहे.’ तेव्हा आमची आत्या, जिचा सख्खा भाऊ समोर निश्चेष्ट पडला होता, डोळे पुसून म्हणाली, ‘बाळा, तू जा. सुतक आपल्याला. दावणीला कसलं सुतक?’

भावाने वैरण घातली, पाणी दाखवले. शेजारच्या वहिनींनी धार काढली. मगच पुढची तयारी झाली.

या वाक्यावर मी गेली कित्येक वर्षे विचार करतो आहे. सुतकात देवघरातल्या देवाला आपण हात लावत नाही; पूजा दुसऱ्याकडून करवून घेतो. सण पुढे ढकलतो. पण मुक्या जीवाच्या पोटाला आपल्या दुःखाचे कारण सांगता येत नाही. आत्या चौथीपर्यंत शिकलेली. नित्य आणि नैमित्तिक हे शब्दही तिने कधी उच्चारले नसतील. परंतु ज्या कर्माला फळ सांगितलेले नाही आणि जे टाळले तर दोष लागतो, ते कर्म कोणते, हे तिला नेमके ठाऊक होते. त्या दिवशी म्हशीला वैरण घालून भावाला कोणते पुण्य मिळाले असेल? काहीच नाही. घातली नसती तर? एक जीव आपल्या विश्वासावर बांधलेला असून उपाशी राहिला असता. माझ्या लहानपणीच्या कोड्याचे उत्तर हेच. जो आपल्या दाव्याला बांधला आहे त्याला वेळेवर देणे हा उपकार नव्हे, म्हणून त्याला फळ नाही.

याची दुसरीही एक बाजू आहे, आणि ती वैद्य म्हणून सांगणे माझे कर्तव्य आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शेतकरी रुग्ण आला. ओळख पटेल असे सर्व तपशील मी गाळतो. पहाटे चारला त्याच्या छातीत दुखू लागले आणि तो दवाखान्यात आला नऊला. मधले पाच तास तो गाई पिळत होता, चारा टाकत होता. मी विचारले तेव्हा शांतपणे म्हणाला, ‘त्यांना तसंच सोडून कसा येणार?’ त्याच्या हृदयाच्या स्नायूचा बराच भाग तोवर निकामी झाला होता. वाचकहो, छातीत दाबल्यासारखे दुखणे, घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असे काही झाले तर गोठा, नोकरी, पूजा, पाहुणे सगळे जिथल्या तिथे टाकून ताबडतोब ९११ ला फोन करावा. स्वतः गाडी चालवत जाऊ नये. बंद पडलेली रक्तवाहिनी जितकी लवकर उघडेल तितका स्नायू वाचतो. आपला देहही आपल्याच दावणीला बांधलेला एक मुका जीव आहे. त्याचे हंबरणे ऐकणे हेही नित्यकर्मच.

पण तो रुग्ण वाचला, आणि त्याच्या पत्नीने पुढे जे सांगितले ते मला प्रवचनाइतके मोलाचे वाटते. त्या संध्याकाळी तिने कोणालाही फोन केला नव्हता. तरी धारेच्या वेळी तीन शेजारी कुटुंबे अंगणात हजर होती. त्यांना काही विचारावेही लागले नाही, कारण गोठ्याच्या भिंतीवर एक पांढरा फळा होता. कोणत्या गाईला किती आंबोण, कोण व्यायला टेकली आहे, कोणाला औषध चालू असल्यामुळे तिचे दूध वेगळे काढायचे, सगळे त्यावर लिहिलेले होते. सहा आठवडे त्या शेजाऱ्यांनी पाळ्या लावून गोठा चालवला. ते आपल्या धर्माचे नव्हते. पण भूतयज्ञ आणि मनुष्ययज्ञ दोन्ही त्यांनी एकत्र केले, असे मी म्हणेन. त्या शेतकऱ्यापासून मी एक गोष्ट घेतली. नित्यकर्म निष्ठेने करणे हे अर्धे काम. आपण नसताना ते दुसऱ्याला करता यावे अशी सोय करून ठेवणे हे उरलेले अर्धे. आज आमच्याही गोठ्यात तसा फळा आहे.

बंधुभगिनींनो, आता मूळ मुद्द्यावर येतो. उत्सवात आपण जी मातीची मूर्ती बसवतो तिच्यात प्राणप्रतिष्ठा होते, आणि ठरलेल्या दिवशी विसर्जन होते. श्रींना आपण निरोप देतो. ते नैमित्तिक. पण आपल्या मंदिराच्या गाभाऱ्यात जी पाषाणाची मूर्ती आहे तिला निरोप नाही. ज्या दिवशी आपण तिची प्राणप्रतिष्ठा केली त्या दिवशी आपण तिला रोज उठवण्याचे, स्नान घालण्याचे, नैवेद्य दाखवण्याचे आणि रात्री शेजारती करून निजवण्याचे वचन दिले. ती मूर्ती आता आपल्या विश्वासावर तिथे आहे. दावणीची उपमा देवाला द्यावी की नाही, हा संकोच मला झाला. पण ज्याने गोकुळात गाई राखल्या आणि गोपांना इंद्राच्या यागाऐवजी गाई व गोवर्धन पूजायला सांगितले, तो रागावणार नाही अशी खात्री आहे.

जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी सकाळी मंदिरात जाऊन पाहा. गुरुजी असतात आणि निवृत्त झालेले दोन-तीन काका-काकू असतात. पायऱ्यांवरचे बर्फ कोण काढतो, नैवेद्याचे तांदूळ कोण आणतो, फुले कोणत्या दुकानातून येतात, तळघरातला पाण्याचा पंप कधी तपासायचा, हे त्या दोन-तीन डोक्यांतच आहे. कुठे लिहिलेले नाही. ती मंडळी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्यापैकी कोणाला काही झाले, तर संध्याकाळी अंगणात तीन कुटुंबे हजर होतील का? आणि झालीच, तर भिंतीवर फळा असेल का?

म्हणून माझी नम्र विनंती आहे. प्रत्येक कुटुंबाने महिन्यातला एक साधा वार घ्यावा. सणाचा नको, ज्या दिवशी कोणीच येत नाही असा घ्यावा. त्या दिवशी एक नैवेद्य, एक झाडू, एक फावडे. मुलांना बरोबर आणावे. व्यासपीठावर स्तोत्र म्हटले की टाळ्या मिळतात, तेही चांगलेच आहे. पण निरांजनाची वात करायला, समई घासायला, कोणी पाहत नसताना फरशी पुसायला त्यांना शिकवू या. आमची मुलगी सहा वर्षांची असल्यापासून शाळेत जाण्याआधी अंडी गोळा करी. तिला मी धर्मावर एकही व्याख्यान दिले नाही. आज ती दूरच्या शहरात राहते, आणि रोज रात्री ठराविक वेळी माझ्या आईला गावी फोन करते. आजीची सकाळची गोळी घेऊन झाली का, एवढेच विचारते. दोन मिनिटांचा फोन. ती त्याला काहीच नाव देत नाही. मी त्याला मनातल्या मनात पितृयज्ञ म्हणतो.

ज्यांच्याकडे गोठा नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. प्रत्येकाच्या दाव्याला कोणी ना कोणी बांधलेले आहे. दूर राहिलेले आई-वडील, शेजारची एकटी वृद्धा, आपले मन, आपला देह, आपल्या गाभाऱ्यातले श्री. यांपैकी कोणाची वैरण आज राहिली आहे, एवढे निजण्यापूर्वी पाहावे. राहिली असेल तर उठून घालावी.

मंदिराच्या स्वयंपाकघरात लावण्यासाठी एक मोठा पांढरा फळा मी आणून ठेवला आहे. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी काका-काकूंना शेजारी बसवून आपण तो सगळे मिळून भरू. खडूची गरज नाही, पेने मी आणतो.

॥ श्रीगजाननार्पणमस्तु ॥